इन्सेंटिव्ह सुरू केला तरी मशीनचा सेल पाळीला २९० नगांवरच थांबतो. काय करावं?

सेल_चार

नमस्कार. प्रश्न लांबलाय, पण तपशील सांगितल्याशिवाय उत्तर देता येणार नाही असं वाटतं.

मी भोसरी एमआयडीसीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात प्रॉडक्शनला असिस्टंट मॅनेजर आहे. माझ्याकडच्या चौथ्या सेलमध्ये, म्हणजे एकच भाग बनवणाऱ्या मशीन-माणसांच्या छोट्या युनिटमध्ये, कपलिंग फ्लँज (शाफ्ट जोडणारी चकती) होतो. दोन सीएनसी टर्निंग, एक ब्रोचिंग (ब्रोच नावाच्या दातेरी हत्याराने खाच कापणारं मशीन), एक ड्रिल-टॅप आणि शेवटी तपासणीचं टेबल. पाळीला सहा माणसं: चार परमनंट, दोन काँट्रॅक्टची मुलं. सगळ्यात संथ मशीनचा सायकल टाइम, म्हणजे एका नगाला लागणारा वेळ, ७५ सेकंद आहे. जेवण-चहा वगळून साडेसात तास धरले तर हिशेबाने ३६० नग होतात. टूल बदलणं, मोजमाप, बारीकसारीक थांबे सोडले तरी ३३० निघायला अडचण नाही. टार्गेट २९० आहे आणि निघतात २९०. कधी २८८, कधी २९१. तिन्ही पाळ्यांत तेच.

एप्रिलपासून मॅनेजमेंटने इन्सेंटिव्ह लावला. २९० च्या वर जाणाऱ्या प्रत्येक नगामागे पैसे, पाळीच्या पाळीला हिशेब, फक्त परमनंट कामगारांना. पहिले काही दिवस आकडा ३१० पर्यंत गेला. मग हळूहळू परत २९०. रक्कम वाढवून पाहिली, काही फरक नाही.

दोन गोष्टी मी स्वतः पाहिल्या. आमच्याकडचा एक तरुण ऑपरेटर सलग काही दिवस ३०० च्या वर गेला. त्यानंतर त्याची भरलेली ट्रॉली ढकलायला कुणी हात लावेना. कॅन्टीनमध्येही तो एकटाच जेवत होता. भांडण नाही, तक्रार नाही, कुणी शब्दाने काही बोललं नाही. आठवड्याभरात तो २९० वर आला आणि ट्रॉलीला हात मिळायला लागले.

दुसरी गोष्ट. एका दुसऱ्या पाळीत ब्रोच तुटला, मशीन तासभर बंद होतं. तरी पाळी संपताना आकडा २९०. मागे जाऊन बघितलं तर ट्रॉलीत आदल्या दिवशीचे तयार नग गोणपाटाखाली ठेवलेले होते, त्यातून भर घातलेली. मी काहीच बोलले नाही. ट्रॉली होती तशी झाकून ठेवली.

सेलमध्ये सगळ्यात जुने जे ऑपरेटर आहेत त्यांना सगळे मामा म्हणतात, मीही म्हणते. एचआरचं म्हणणं, हे सगळं मामांच्या सांगण्यावरून चालतं, त्यांना रांजणगावच्या प्लँटला पाठवा आणि इन्सेंटिव्ह माणसागणिक करा. मला हे पटत नाही. मामा ब्रोचिंगच्या आवाजावरून धार गेल्याचं ओळखतात, आणि नव्या मुलांना सेटिंग त्यांनीच शिकवलंय. प्लँट हेडनी मला महिन्याची मुदत दिली आहे. करार पुढच्या मार्चमध्ये संपतोय, त्यामुळे युनियनही सध्या गप्प आहे.

मी शनिवार-रविवारी मॅनेजमेंटचा डिप्लोमा करते. ऑर्गनायझेशनल बिहेविअरच्या (ओबी) तासाला हॉथॉर्नचे प्रयोग झाले, म्हणजे अमेरिकेतल्या एका कारखान्यात कामगारांवर झालेला जुना अभ्यास, पण दिव्यांच्या प्रयोगावरच तास संपला. पुढचं मी घरी वाचलं, तर तिथल्या बँक वायरिंग रूममध्ये हुबेहूब माझा सेल दिसला. तिथल्या माणसांनीही आकडा ठरवून घेतला होता, तिथेही जास्तीचे नग मागे ठेवत. पण पुस्तकात ‘अनौपचारिक गटाचे नियम’ एवढं सांगून प्रकरण संपतं. गट आहे हे मलाही दिसतंय. त्याच्यापुढे काय करायचं?

हिंजवडी_फेज_दोन

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, कारखाना आतून पाहिलेला नाही. पण तुमची ट्रॉली ओळखीची वाटली. आमच्याकडे स्प्रिंट, म्हणजे कामाचा एक टप्पा, दोन आठवड्यांचा असतो. प्रत्येक कामाला पॉइंट देतात आणि टीमने किती पॉइंट पूर्ण केले ती तिची ‘वेलॉसिटी’. काम मंगळवारी झालेलं असलं तरी तिकीट गुरुवारपर्यंत रिव्ह्यूमध्ये ठेवतात. कारण या वेळी ४० पॉइंट दिसले की पुढच्या वेळी ४० हा पाया धरला जातो.

पैशांबद्दल माझं मत मानसशास्त्रज्ञ हर्झबर्गसारखं आहे. १९५९ मध्ये त्याने पिट्सबर्गच्या सुमारे दोनशे इंजिनिअर आणि अकाउंटंट लोकांच्या मुलाखतींवरून मांडलं की पगार, सोयी, देखरेख या गोष्टी बिघडल्या तर माणूस नाराज होतो, पण त्या सुधारल्या म्हणून तो झटून कामाला लागत नाही. झटायला लावतात त्या गोष्टी वेगळ्या: कामाचं समाधान, कौतुक, जबाबदारी. तेव्हा इन्सेंटिव्हच्या मागे लागण्यापेक्षा मामांचा प्लँटमध्ये जाहीर सत्कार करा, त्यांना सेलचं नेतृत्व अधिकृतपणे द्या, असं सुचवेन.

टर्नर_चाकण

मॅडम, मी आयटीआय करून गेली बरीच वर्षं सीएनसीवर आहे. आधी भोसरीला होतो, आता चाकणला. तुम्ही ट्रॉली झाकून ठेवलीत हे वाचलं म्हणून लिहितोय. दुसरं कुणी असतं तर शो-कॉज निघाली असती.

सत्काराने काही होणार नाही. शाल घेऊन मामा सेलमध्ये परत येतील आणि २९० च काढतील.

आधी एक शोधा. २९० च्या आधी टार्गेट किती होतं? आणि ते २९० कसं झालं? फाइलमध्ये मिळेल, नाहीतर मामांना विचारा. माझा अंदाज सांगतो. कधीतरी दिवाळीच्या आधी कस्टमरची घाई होती, साहेबांनी हात जोडले, ‘एवढा महिना काढून द्या.’ पोरांनी काढून दिलं. मग तोच आकडा कायमचा झाला. मी काम केलेल्या प्रत्येक ठिकाणी आकडा असाच वर चढलेला पाहिलाय. उतरलेला एकदाही नाही.

दुसरं, त्या तरुण पोराचं. त्याला एकटं पाडलं हे वाईट वाटतं, मलाही वाटलं. पण तिकडून बघा. पोरगं पंचविशीचं असणार. ३३० काढून संध्याकाळी क्रिकेट खेळेल. मामा पन्नाशीच्या पुढचे असतील. नग उचलून चकमध्ये (मशीनच्या पकडीत) घालायचा, काढायचा, पाळीला तीनशे वेळा. ३३० टार्गेट झालं की पहिले मामा उघडे पडणार. मग त्यांना स्टोअरला टाका, गेटला टाका, व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) घ्या. पोराची ट्रॉली न ढकलणं म्हणजे मामांची नोकरी राखणं आहे. आणि तीस वर्षांनी त्याच पोराची.

तिसरं, काँट्रॅक्टची दोन पोरं. इन्सेंटिव्ह त्यांना नाही, पण जास्तीचे नग तपासणार, घासणार, पेटीत भरणार तेच. वर आकडा वाढून पाच माणसांत भागतंय असं दिसलं की सहावा कोण कमी होणार? त्याला तर नोटीससुद्धा लागत नाही, सकाळी गेटवर कार्ड चालत नाही एवढंच. त्यामुळे २९० वर थांबायची घाई त्या दोघांना मामांपेक्षा जास्त असेल.

एचआरला एवढं सांगा की मामा रांजणगावला गेले तरी आकडा मामांच्या खिशातून जाणार नाही. दुसरा कुणीतरी मामा होतो.

जुना_आयई

मी इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग विभागात नोकरी करून निवृत्त झालो. सगळी नोकरी पिंपरी-चिंचवड पट्ट्यातच. टाइम स्टडी, रेट फिक्सिंग, करारातलं उत्पादकतेचं परिशिष्ट हेच आयुष्यभर केलं, म्हणून सविस्तर लिहितो. चाकणच्या भावांनी वर जे लिहिलंय त्यातला शब्दन् शब्द खरा आहे.

हॉथॉर्नचं ते दालन तुम्ही ओळखलंत ते बरोबर ओळखलंत. शिकागोजवळ वेस्टर्न इलेक्ट्रिकचा तो कारखाना. नोव्हेंबर १९३१ ते मे १९३२ चौदा माणसं वेगळ्या खोलीत बसवून पाहिली: नऊ वायरमन, तीन सोल्डर करणारे, दोन तपासनीस. टेलिफोन एक्स्चेंजच्या स्विचची जोडणी होती. कंपनीचा ठरवलेला आकडा दिवसाला ७३१२ जोडण्यांचा, आणि माणसांनी आपसांत ठरवलेला साधारण ६६०० चा. जास्त करणाऱ्याच्या दंडावर ठोसा बसायचा, त्याला ते ‘बिंगिंग’ म्हणत. कमी करणाऱ्यालाही बोलणी बसत, हे बहुतेक जण सांगायचं विसरतात. आळशांचा गट असता तर कमी करणाऱ्याला कुणी बोललं नसतं.

या प्रयोगांचे अभ्यासक मेयो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा अर्थ असा लावला की ही भावनांची, गटाच्या आपलेपणाची गोष्ट आहे, कारण कंपनीने प्रत्यक्षात दर कापलेला नव्हता. मला हा अर्थ कधीच पुरेसा वाटला नाही. वर्ष कोणतं होतं ते बघा. मंदी टिपेला होती, कारखान्यात कपात चालू होती. ते दालन बंद पडलं तेही काम संपलं म्हणून. अशा वेळी हातातलं काम लवकर उरकणारा माणूस स्वतःच कामावरून कमी होण्याची तारीख जवळ आणतो. त्या चौदा जणांना हे समजत होतं.

गंमत वाटेल, पण याचं कारण सगळ्यात स्वच्छ सांगितलंय ते टेलरने, ज्याला आपण घड्याळ लावून काम मोजणारा ‘घड्याळवाला’ म्हणून शिव्या घालतो. १८९५ मध्ये अमेरिकन मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेपुढे त्याने पीस रेटवर, म्हणजे नगामागे मजुरी देण्यावर, निबंध वाचला. त्याचं म्हणणं सरळ होतं: कामगार जास्त कमवायला लागला की मालक नगाचा दर कमी करतो. हे एक-दोनदा घडलं की कामगार कायमचा शहाणा होतो आणि हात आखडतो. म्हणून एकदा नीट अभ्यास करून ठरवलेला दर पुन्हा कापायचा नाही. टेलरचं घड्याळ सगळ्यांनी उचललं. ही अट फार थोड्यांनी पाळली.

ज्यांनी पाळली त्यातलं नावाजलेलं उदाहरण क्लीव्हलँडची लिंकन इलेक्ट्रिक, वेल्डिंग मशीनवाली. तिथे नगावर पैसे मिळतात. नियम असा की कामगार फार कमावतो म्हणून दर बदलायचा नाही, कामाची पद्धत बदलली तरच बदलायचा. १९३४ पासून वार्षिक बोनस, आणि १९५८ पासून जुन्या कामगारांना कामाची हमी लेखी धोरण म्हणून. नुसता पीस रेट उचलून तिकडे आकडे कसे फुगतात ते पाहणाऱ्यांना हे दोन आधार दिसत नाहीत. ते काढून घेतले तर तिथेही ट्रॉलीवर गोणपाट येईल.

आता तुमच्या पोस्टमधलं एक वाक्य. ‘करार पुढच्या मार्चमध्ये संपतोय, त्यामुळे युनियनही सध्या गप्प आहे.’ तुम्ही ते जाता जाता लिहिलंत. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं मूळ तिथे आहे. आपल्या पट्ट्यात करार कसा होतो? तीन-साडेतीन वर्षांचा. युनियन पगारवाढ मागते, मॅनेजमेंट विचारते बदल्यात उत्पादन किती वाढवून देणार. म्हणजे २९० आणि ३३० मधले चाळीस नग हे कामगारांचं भांडवल आहे. मार्चमध्ये टेबलावर ठेवायला दुसरं काही त्यांच्याकडे नाही. तेच नग तुम्ही एप्रिलपासून किरकोळ इन्सेंटिव्हवर आजच मागताय. मामा कशाला देतील? आज ३३० काढून दाखवले तर मार्चमध्ये मॅनेजमेंट म्हणणार, एवढे तर निघतातच, नवीन काय देताय? मी त्या टेबलाच्या मॅनेजमेंटच्या बाजूला बसायचो आणि आमच्याकडून हेच वाक्य यायचं.

म्हणून इन्सेंटिव्हची रक्कम वाढवण्यात अर्थ नाही. मानसशास्त्रज्ञ व्रूमने १९६४ मध्ये जे मांडलं ते इथे कामाला येतं: माणूस तीन गोष्टी बघतो. कष्ट केले तर जमेल का, जमलं तर ठरलेलं मिळेल का, आणि मिळालं त्याचं मोल किती. तुमच्या सेलमध्ये पहिलं आणि तिसरं ठीक आहे. मधलंच तुटलंय. ३३० काढल्याचं फळ त्यांच्या अनुभवानुसार पैसे नाहीत, नवं टार्गेट आहे. मधलं शून्य असताना शेवटची रक्कम दुप्पट केली तरी गुणाकार शून्यच.

काय करता येईल ते सांगतो. प्लँट हेडकडून एक पानाचं पत्र घ्या, युनियनच्या सहीने. या फ्लँजचा पाया २९० आणि नगामागचा दर अमुक, फिक्श्चर (नग पकडायची चौकट), टूल, मशीन किंवा ड्रॉइंग बदलल्याशिवाय यात फरक होणार नाही. इन्सेंटिव्हमध्ये निघालेला जास्तीचा आकडा मार्चच्या वाटाघाटीत पाया म्हणून धरला जाणार नाही. जास्त उत्पादनामुळे या सेलमधलं माणूस कमी केलं जाणार नाही. शेवटचं वाक्य मिळणं सगळ्यात अवघड जाईल, आणि त्याच्याशिवाय पहिल्या दोघांवर कुणी विश्वास ठेवणार नाही.

शिवाय हिशेब पाळीचा करू नका, आठवड्याचा करा. पाळीचा हिशेब असला की एक ब्रोच तुटला तरी त्या दिवसाचं सगळं बुडतं, म्हणून माणसं नग मागे ठेवतात. त्यांच्या बाजूने ते शहाणपणाचं आहे, पण तुमच्यासाठी धोक्याचं. आदल्या दिवशीचे नग दुसऱ्या तारखेत मिसळले तर हीट कोडचा (धातू कोणत्या वितळीतला ते सांगणाऱ्या क्रमांकाचा) माग लागत नाही, आणि कस्टमरकडून एखादा लॉट परत आला तर किती माल बाजूला काढायचा ते कळणार नाही. आठवड्याची सरासरी धरली की झाकून ठेवायची गरजच राहत नाही. झडती घेऊन ट्रॉली रिकामी करायला लावलीत तर नग दुसरीकडे जातील, एवढंच.

हिंजवडीच्या मित्रांना एक सांगणं. हर्झबर्गची ती माणसं इंजिनिअर आणि अकाउंटंट होती. आपण विचारलंत तर मीही कौतुकाबद्दलच बोलेन, कारण माझं पेन्शनीपर्यंतचं गणित बसलेलं आहे. ज्याचं टार्गेट दर कराराला वर सरकतं त्याला आधी जमीन स्थिर हवी. मात्र तुमची वेलॉसिटीची गोष्ट अगदी नेमकी आहे, तिच्यावर उपायही हाच.

ओबी_शिक्षिका

मी शिवाजीनगर भागातल्या एका कॉलेजात हाच विषय शिकवते. दिव्यांच्या प्रयोगावर तास संपतो ही तक्रार रास्त आहे, अभ्यासक्रमात त्याला एकच तास असतो.

जुन्या आयईंशी बहुतेक सहमत आहे. एक भर घालते. पत्रातला मजकूर जितका महत्त्वाचा, तितकंच ते कोण आणि कसं लिहितं हे महत्त्वाचं. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या मॅरियन गावी हारवुड नावाचा पायजम्यांचा कारखाना होता, कामगार बहुतेक बायका. तिथे कामाची पद्धत आणि दर बदलले की उत्पादन कोसळायचं. कॉख आणि फ्रेंच यांनी १९४८ मध्ये तिथला प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटाला बदल फक्त सांगितला, एका गटाने प्रतिनिधी निवडून दिले, आणि दोन गटांतल्या सगळ्यांनी बसून नवी पद्धत व दर ठरवण्यात भाग घेतला. नुसतं सांगितलेल्या गटाचं उत्पादन खाली गेलं ते वर आलंच नाही, आणि पहिल्या चाळीस दिवसांत त्यातल्या १७ टक्के जणी सोडून गेल्या. सगळ्यांनी भाग घेतलेले गट लवकर सावरले आणि पूर्वीच्या पुढे गेले, सोडून कुणी गेलं नाही. मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो पुढचा भाग: पहिल्या गटातल्या उरलेल्या बायकांना काही महिन्यांनी दुसऱ्या कामावर हलवताना सगळ्यांना सहभागी करून घेतलं, तर त्याच बायकांनी झपाट्याने आकडा गाठला. माणसं तीच होती. एचआरला मामांची बदली सुचली आहे म्हणून हे मुद्दाम सांगते.

आणि आपल्या जवळचं उदाहरण अहमदाबादचं. १९५३ मध्ये कॅलिको मिल्समध्ये स्वयंचलित माग आणले होते, पण अपेक्षेइतकं कापड निघत नव्हतं. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस तिथे गेले. त्यांना दिसलं की एक जण विणतो, एक बॉबिन भरतो, एक तुटलेले धागे जोडतो, एक तेल घालतो, प्रत्येकाकडे मागांची संख्या वेगळी, आणि कुणाचाच असा गट नाही. काही मागांची पूर्ण जबाबदारी एका छोट्या गटाकडे द्यावी अशी कल्पना त्यांनी मांडली. गट कसे पाडायचे ते कामगारांनी आणि जॉबरांनी (मुकादमांनी) आपसांत लगेच ठरवलं. पुढे उत्पादनही वाढलं, खराब कापडही कमी झालं.

तुमच्या सेलमध्ये गट आयताच आहे, आकडा पाळण्याइतका एकजीव आहे. एचआर तो फोडायला निघालंय. माणसागणिक इन्सेंटिव्ह केलात तर मामा नव्या मुलाला सेटिंग शिकवणं थांबवतील, कारण शिकवण्यात त्यांचे नग जातात. इन्सेंटिव्ह सेलचाच ठेवा, आणि सहाही जणांचा. अॅडम्सने १९६० च्या दशकात मांडलेला समतेचा सिद्धान्त हेच सांगतो की माणूस आपल्या मोबदल्याची तुलना शेजारच्याशी करतो. इथे शेजारी हातभर अंतरावर उभा आहे.

सेल_चार

सगळ्यांचे मनापासून आभार. दरम्यान काय झालं ते सांगते.

चाकणच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे फाइल काढली. मागच्या कराराच्या आधी टार्गेट २४० होतं. करारात ते २६५ झालं, त्याला पगारवाढ मिळाली. त्यानंतर एका ऑक्टोबरात कस्टमरची मागणी वाढली, सेलने महिनाभर २९० काढले, आणि जानेवारीपासून बोर्डावर २९० लिहिलं गेलं. कागदावर कुठलीही सही नाही. बोर्डावर लिहिलं, एवढंच. मामांना विचारलं तेव्हा त्यांनी महिना आणि पाळीसुद्धा सांगितली. म्हणाले, ‘मॅडम, तुम्ही तेव्हा नव्हता.’ मग म्हणाले, ‘दोनशे नव्वद आम्ही काढतो ते कमी नाही.’ कराराच्या २६५ वर ते इतकी वर्षं पंचवीस नग फुकट देत आलेत. मी त्यांच्याकडे चाळीस कमी पडतात म्हणून बघत होते, हे माझ्या मनातून जात नाही.

हे सगळं मांडून प्लँट हेडना नोट दिली. मोठी चर्चा झाली. पद्धत बदलल्याशिवाय दर बदलणार नाही आणि इन्सेंटिव्हचा आकडा मार्चमध्ये पाया धरणार नाही, या दोन गोष्टी लेखी द्यायला ते तयार झाले. पाया २९० नव्हे तर २६५ धरायचा हेही मान्य झालं, यासाठी मी हटून बसले होते. हिशेब आठवड्याचा होईल. मामांची बदली नाही. माणूस कमी न करण्याचं वाक्य मात्र ‘परमनंट कामगार’ एवढ्यापुरतंच द्यायला तयार आहेत. काँट्रॅक्टच्या मुलांना इन्सेंटिव्ह द्यायला एचआरचा विरोध आहे. त्यांचा पगार ठेकेदार देतो, आपण परस्पर पैसे दिले तर ती आपली माणसं ठरतात, म्हणून. यावर काही मार्ग आहे का? त्या दोघांना सोडून सही घ्यायला मला नको वाटतंय.

टर्नर_चाकण

नका घेऊ सही. मामापण घेणार नाहीत बघा.

जुना_आयई

२६५ मिळवलंत, ही मोठी गोष्ट आहे.

एचआरची शंका अगदीच निराधार नाही, ठेक्याच्या प्रकरणात पैसे थेट कोण देतं हे पुढे कोर्टात विचारलं जातं. पण थेट द्यायची गरज नाही. ठेकेदाराच्या बिलात ‘उत्पादन भत्ता, सेल चार’ अशी वेगळी ओळ घाला, रक्कम परमनंटच्या नगामागच्या दराइतकीच, आणि ती पगारपत्रकावर त्याच नावाने दाखवण्याची अट वर्क ऑर्डरमध्ये टाका. पीएफ-ईएसआयचा हिशेब त्यांच्या लोकांकडून आधी तपासून घ्या. ठेकेदाराचं कमिशन त्या ओळीवर लागू नाही असं स्पष्ट लिहा, नाहीतर मधेच गळती होते.

कमी न करण्याबद्दल: ‘काँट्रॅक्ट कामगार कमी करणार नाही’ असं वाक्य ते देणार नाहीत. त्याऐवजी ‘सेल चारमध्ये पाळीला सहा माणसं राहतील’ असं मागा. माणूस कोणाचा हे न लिहिता मनुष्यबळ लिहायचं. सेलचं मंजूर मनुष्यबळ ठरवणं हा तुमच्या प्लँट हेडच्या अखत्यारीतला विषय आहे, एचआरच्या नव्हे. मसुदा झाला की आधी मामांना वाचायला द्या, सहीच्या बैठकीत पहिल्यांदा दाखवू नका.